यमदूतांची चूक

मनुष्य गेला म्हणून घरात रडारड सुरू होते, तिरडी बांधावयास माणसे जमतात, आणि इतक्यात तो डोळे उघडून सांगू लागतो की, मला नेले होते खरे, पण वहीत माझे नाव नव्हते म्हणून परत धाडले. त्याच नावाचा दुसरा कोणी शेजारच्या आळीत त्याच घटकेस मरण पावल्याचे मागाहून कळते. ही हकीकत आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की, ती आपल्याच पुराणांतून किंवा आजीबाईच्या गोष्टींतून निघाली असावी असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः तिचा प्रवास याहून फार मोठा आहे. ग्रीक तत्त्वज्ञ, रोमन आफ्रिकेतील धर्माचार्य, रोमचा पोप, संस्कृत प्रहसनकार आणि आपल्या काळातील मानसशास्त्रज्ञ, अशा निरनिराळ्या लोकांनी ती नमूद करून ठेविली आहे. काहींनी ती साक्ष म्हणून सांगितली, काहींनी थट्टा म्हणून. एकच गोष्ट एकाच्या मुखी धर्मोपदेश ठरते आणि दुसऱ्याच्या मुखी देवनिंदा, असे का व्हावे? धर्मविषयक विनोदास देवनिंदा म्हणावयाचे ते कोणत्या मापाने? या प्रश्नाचा उलगडा नुसत्या वादविवादापेक्षा या एका गोष्टीच्या इतिहासावरून अधिक चांगला होतो.

या गोष्टीचा एक जुना लेखी दाखला प्लूटार्कचा आहे. त्याचा काळ सामान्यतः इ. स. ४६ ते १२० च्या सुमाराचा. आत्म्याविषयीच्या त्याच्या ज्या ग्रंथात ही गोष्ट होती तो आज उपलब्ध नाही. परंतु पुढे युसेबियस या ख्रिस्ती इतिहासकाराने त्यातील उतारा आपल्या ग्रंथात घेतल्यामुळे ती टिकून राहिली. अँटिलस नावाचा गृहस्थ मरणोन्मुख झाला, आणि सावध झाल्यावर त्याने सांगितले की, नेणाऱ्या दूतांना त्यांच्या धन्याने चांगलेच फैलावर घेतले. कारण त्यांना आणावयाचे होते ते निकँडस नावाच्या चांभारास. ही वार्ता गावभर पसरली. तरुण मंडळी निकँडसला गाठून म्हणू लागली की, तू दूतांना लाच चारून निसटलास. तो बिचारा मनातून धास्तावला, आणि थोड्याच दिवसांत ज्वर येऊन मेला. अँटिलस मात्र बरा झाला. प्लूटार्क स्वतः देवभक्त, डेल्फीच्या देवळातील पुजारी. ही गोष्ट त्याने श्रद्धेनेच सांगितली आहे. तरीही विनोद तिच्यात बाहेरून कोणी आणून घातलेला नाही, तो तिच्या पोटातच आहे, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात लूशियनने हा विनोद उघड केला. हा सीरियातील सामोसाटा गावचा ग्रीक लेखक. 'फिलोप्स्यूडेस', म्हणजे 'असत्यप्रिय', या त्याच्या संवादात एका श्रीमंताच्या घरी काही तत्त्वज्ञ आजाऱ्याच्या समाचाराला जमले आहेत आणि भुताखेतांच्या गोष्टी एकावर एक रचीत आहेत. त्यांतला क्लिओडेमस सांगतो की, आपण तापाने फणफणलो असता शुभ्र वस्त्रे ल्यालेला एक तरुण येऊन आपल्याला पाताळात घेऊन गेला. पण प्लूटो रागावून म्हणाला की, याचे सूत अजून पुरते कातलेले नाही, डेमिलस तांबटाला आणा. क्लिओडेमस आनंदाने परतला, आणि लौकरच शेजारी डेमिलसच्या घरी आकांत ऐकू आला. ही सगळी हकीकत खरी असल्याची ग्वाही द्यावयास तेथे एक वैद्यही हजर आहे! लूशियनचा रोख यमलोकावर फारसा नाही. दाढी वाढवून ज्ञानाचा टेंभा मिरविणारी जी माणसे परलोकाचा नकाशा आपल्या खिशात असल्यासारखी बोलतात, त्यांच्यावर तो आहे.

आता पुढील दोन साक्षी पाहा. इ. स. ४२१ च्या सुमारास मृतांच्या उत्तरक्रियेविषयी लिहिताना संत ऑगस्टीनने हिप्पोजवळच्या कुर्मा नावाच्या एका ग्रामसभासदाची हकीकत दिली आहे. कुर्मा कित्येक दिवस प्रेतवत् पडून होता. श्वासाची किंचित् चाहूल लागे एवढ्यावरूनच त्याला पुरले नव्हते. सावध होताच त्याने कुर्मा लोहाराकडे चौकशीस माणूस पाठविले. लोहार त्याच घटकेस मेला होता. ग्रामसभासदास परत धाडताना बजावण्यात आले होते की, आणावयाचा होता तो लोहार. पुढे इ. स. ५९३ च्या सुमारास पोप पहिला ग्रेगरी याने आपल्या 'संवादां'त स्टीफन नावाच्या प्रतिष्ठित गृहस्थाची अशीच कथा सांगितली. हा कॉन्स्टँटिनोपलला मेला, न्यायाधीशापुढे उभा केला गेला, आणि तेथे निवाडा झाला की, आम्ही बोलाविले ते स्टीफन लोहारास. स्टीफनकडून ही कथा आपण स्वतः ऐकली, असे ग्रेगरी म्हणतो. देवाच्या दरबारात अशी गफलत कशी होते, ही साहजिक शंकाही त्याच्या संवादात निघते. तिला ग्रेगरीचे उत्तर असे की, ही चूक नव्हेच, हा इशारा होय. माणसाने नरक डोळ्यांनी पाहावा आणि सुधारावे, एवढ्यासाठी ती योजना. उत्तर चतुर आहे. पण त्या इशाऱ्यासाठी लोहाराला मरावे लागले, याविषयी त्यात काही नाही.

लोहाराकडे इतक्या सहजासहजी डोळेझाक करता येत नाही. एक चांभार, एक तांबट आणि दोन लोहार! परत येतो तो नेहमी बरा, ओळखीपाळखीचा गृहस्थ. त्याच्या जागी जातो तो हाताला घट्टे पडलेला कारागीर. कचेरीतला कारकून चुकतो आणि भुर्दंड गरिबाला पडतो, हा या मर्त्यलोकातील अनुभव सांगणाऱ्यांनी नकळत परलोकातही नेऊन ठेविला. कथेचा खरा विनोद येथे आहे, आणि तो देवावर नाही. माणसाने देवाच्या माथी मारलेल्या कचेरीवर आहे.

लूशियनची कथा आणि ऑगस्टीनची साक्ष यांतील साम्य प्रथम बोलून दाखविणाऱ्यांत एक मोठा धर्मनिष्ठ पुरुष होता. इरॅस्मस आणि सर टॉमस मोर या दोघा मित्रांनी लूशियनच्या काही संवादांचे लॅटिन भाषांतर १५०६ साली पॅरिसला प्रसिद्ध केले. 'फिलोप्स्यूडेस' मोरच्या वाट्यास आला होता. अर्पणपत्रिकेत मोर आश्चर्याने लिहितो की, ऑगस्टीनसारखा गंभीर आणि असत्याचा वैरी असा पुरुष. पण त्याच्या जन्मापूर्वी कितीतरी वर्षे लूशियनने जी कथा थट्टेवारी नेली होती, तीच नावे बदलून कोणा लबाडाने त्याला खरी म्हणून सांगितली. कल्पित चमत्कारांनी धर्माची सेवा होत नाही, उलट खऱ्या गोष्टींवरचा विश्वास उडतो, असे त्याचे म्हणणे. ऑगस्टीनच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की, या हकीकतीवरून त्याने काढलेला निष्कर्ष भाबडा नव्हता. कुर्माने त्या अवस्थेत खुद्द ऑगस्टीनलाही पाहिले होते, आणि ऑगस्टीनला तर त्याची वार्ताही नव्हती. तेव्हा जिवंत माणूस जसा नकळत दुसऱ्याच्या स्वप्नात येतो तसाच मृतही येत असेल, अशी त्याची समजूत. पण मोरचा मुद्दा याने ढळत नाही. लूशियनचे हास्य त्याला श्रद्धेचा शत्रू वाटले नाही, श्रद्धेचा चाळणीवाला वाटले.

सर्वांना तसे वाटले नाही. दहाव्या शतकातील 'सूडा' नावाच्या बायझंटाइन कोशाने लूशियनवर देवनिंदकाचा शिक्का मारला आणि त्याला कुत्र्यांनी फाडून खाल्ले अशी नोंद केली. सत्यावर भुंकणाऱ्याचा अंत कुत्र्यांकडून व्हावा, हा त्यातला काव्यन्याय. येथून मूळ प्रश्नाकडे वळू. हास्य हेच जर पाप असेल, तर प्राचीन अथेन्समधील व्यवहाराचा अर्थ लागत नाही. इ. स. पूर्व ४०५ साली लेनाया या डायोनिसस देवाच्या उत्सवात ॲरिस्टोफनिसचे 'बेडूक' हे नाटक झाले. त्यात खुद्द डायोनिसस मेलेल्या कवीला परत आणण्यासाठी पाताळात उतरतो. देव मोठा भित्रा. संकट दिसताच तो आपले सोंग गुलामाच्या अंगावर चढवितो, आणि घाबरून समोरच्या आसनावर बसलेल्या आपल्याच पुजाऱ्याला वाचविण्यासाठी हाक मारतो. या नाटकाला पहिले पारितोषिक मिळाले. याच नगरात दहाच वर्षांपूर्वी, इ. स. पूर्व ४१५ साली, एल्युसिसच्या गुह्य विधींची खाजगी घरात नक्कल केल्याच्या आरोपावरून अल्किबायडीस आणि त्याचे साथीदार यांना देहदंडाच्या शिक्षा झाल्या होत्या. ते विधी परलोकीच्या सुखाचे आश्वासन देणारे, दीक्षितांवाचून कोणाला न कळणारे. तेव्हा अथेन्सला हास्याचा विटाळ नव्हता. उत्सवात, उजेडात, देवाच्या डोळ्यांदेखत केलेली थट्टा ही पूजेचा भाग. दार लावून केलेला गुह्याचा भंग हा अपराध. राजकीय वैराने या खटल्यांत हात धुवून घेतला हे खरे, पण अपराधाची कल्पना मात्र हीच होती.

आपल्या देशाकडे पाहिले तरी हेच दिसते. श्रीमद्भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळाची कथा कीर्तनांतून सर्वांना ठाऊक आहे. मरणकाळी पोराला 'नारायण' म्हणून हाक मारल्यामुळे विष्णुदूत धावून येतात, पाश घेऊन आलेल्या यमदूतांना हटकतात, आणि अजामिळ आणखी जगतो व गंगाद्वारी जाऊन तप करतो. मृत्यूच्या दारातून परत येण्याची ही एक प्रसिद्ध भारतीय कथाच. पुढे ते अपमानित दूत यमाकडे येऊन विचारतात की, जगात शासन करणारे आहेत तरी किती? हुकूम परस्पर फिरल्यावर शिपायाने साहेबापुढे गाऱ्हाणे मांडावे, तसाच हा प्रश्न आहे. सप्ताहात ही कथा ऐकताना श्रोते हसतात, आणि त्यामुळे कथेचे पुण्य कमी झाल्याचे कोणी मानीत नाही.

'भगवदज्जुक' हे प्रहसन तर याही पुढे जाते. त्याचे कर्तृत्व वादग्रस्त आहे. कोणी ते बोधायनाकडे देतात. मामंडूरच्या पल्लव शिलालेखात 'मत्तविलासा'बरोबर त्याचे नाव आढळल्यामुळे कोणी ते कांचीच्या पहिल्या महेंद्रवर्म्याचे, म्हणजे सातव्या शतकाच्या आरंभीचे, मानतात. एक योगी परिव्राजक आणि त्याचा खादाड शिष्य शांडिल्य एका उद्यानात आले आहेत. शांडिल्य पूर्वी बौद्ध भिक्षू झाला होता तो सकाळच्या जेवणाच्या आशेने; तिथे एकदाच जेवतात असे कळल्यावर तो या गुरूकडे आला! त्याच उद्यानात वसंतसेना नावाची गणिका सर्पदंशाने मरते. यमपुरुषाने तिचे प्राण नेलेले असतात. शिष्याला योगाचा प्रभाव दाखवावा म्हणून गुरू आपला देह सोडून तिच्या देहात शिरतो. इकडे यमलोकी कळते की, आणावयाची होती ती दुसरी वसंतसेना. यमपुरुष प्राण परत घेऊन येतो तो जागा भरलेली! मग तो गणिकेचे प्राण परिव्राजकाच्या रिकाम्या देहात ठेवून देतो. गणिका वेदान्त सांगू लागते, संन्यासी प्रियकराला साद घालू लागतो, आणि शांडिल्य म्हणतो की, हा आता धड 'भगवान्' राहिला नाही की धड 'अज्जुका' नाही. हे 'भगवदज्जुक' झाले. गणिकेला तिची माणसे आदराने ज्या शब्दाने हाक मारतात तो 'अज्जुका'. शेवटी यमपुरुष ज्याचे प्राण त्याच्या देहात घालून मोकळा होतो.

ग्रीक कथेतली नामसाम्याची चूक येथेही आहे. पण तिच्यावर रचलेला प्रश्न केवळ भारतीय आहे. आत्मा निराळा आणि देह निराळा, हे गुरू शिष्याला तोंडाने शिकवीत होता. प्रहसन ते रंगभूमीवर करून दाखविते. सिद्धांत खोटा आहे असे नाटककार कोठेही म्हणत नाही. उलट तो खरा धरूनच सगळी गंमत चालते. हसू येते ते सिद्धांत हाताळणाऱ्या माणसाचे. 'मत्तविलासा'त हीच रीत आहे. त्यात मद्यपी कापालिक, लोभी भिक्षू आणि मध्यस्थी करू पाहणारा पाशुपत यांची हरवलेल्या कपालपात्रावरून जुंपते, आणि ते पात्र निघते कुत्र्याने पळविलेले. हे लिहिणारा महेंद्रवर्मा नास्तिक नव्हता. मंडगपट्टूच्या डोंगरात विटा, लाकूड, धातू आणि चुना यांवाचून ब्रह्मा, शिव आणि विष्णू यांचे मंदिर खोदविल्याचा त्याचा शिलालेख आहे. कापालिक आणि पाशुपत हे दोघेही शैव. म्हणजे राजाने थट्टेत स्वतःच्या उपास्याच्या भक्तांनाही सोडले नाही. ही प्रहसने केरळात चाक्यार मंडळींनी कूडियाट्टमच्या परंपरेत जतन केली. त्यांची रंगशाळा देवळाच्या आवारातच असते. 'मत्तविलासा'चा प्रयोग तर काही देवस्थानांत नवस म्हणून करविला जातो. देवाला जो विनोद नैवेद्यासारखा चालतो, तो देवनिंदा कसा म्हणावयाचा? आपल्या एकनाथांनीही 'हिंदू-तुर्क संवादा'त दोघांच्या तोंडून परस्परांच्या आचारांची टवाळी करवून शेवटी त्यांची दिलजमाई करविली आहे.

आधुनिक कायद्याने मात्र या प्रश्नाला चमत्कारिक वळण दिले. १८८३ साली लंडनमध्ये 'फ्रीथिंकर' पत्राचा संपादक जी. डब्ल्यू. फूट याला नाताळच्या अंकातील विनोदी चित्रांबद्दल एक वर्षाचा तुरुंगवास झाला. त्याच वर्षी दुसऱ्या खटल्यात सरन्यायाधीश कोलरिज यांनी तत्त्व घालून दिले की, वादाची सभ्यता पाळली तर धर्माच्या मूलतत्त्वांवर हल्ला केला तरी तो देवनिंदेचा गुन्हा होत नाही. दिसण्यात हे मोठे औदार्य. १९१७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ख्रिस्ती धर्म नाकारणाऱ्या संस्थेला मृत्युपत्राने मिळालेली देणगीही वैध ठरविली. परंतु चारच वर्षांनी ब्रॅडफर्डच्या जे. डब्ल्यू. गॉट या कपडे विकणाऱ्या इसमाला, येशूच्या जेरुसलेम-प्रवेशाची तुलना सर्कशीतील विदूषकाशी करणाऱ्या पत्रकांबद्दल, नऊ महिन्यांची सक्तमजुरी झाली. तो आजारी होता. सुटल्यावर लौकरच वारला. म्हणजे विद्वानाने गंभीर भाषेत देवच नाकारला तर चालेल. रस्त्यावर पत्रके विकणाऱ्याने हसविले तर तुरुंग. गृहस्थ परत आला, लोहार गेला! हा कायदा इंग्लंड आणि वेल्समध्ये २००८ साली रद्द झाला. विनोदाच्या सुरावरून अपराध ठरविण्याचे माप किती खोटे असते, हे त्याच्या इतिहासाने दाखविले.

याचा अर्थ प्रत्येक थट्टा निष्पाप असते असा नव्हे. १९२७ साली लाहोरच्या उच्च न्यायालयाने, इस्लामच्या प्रेषितांच्या खाजगी आयुष्याची कुचेष्टा करणाऱ्या एका पुस्तिकेच्या प्रकाशकाला, तो गुन्हा तत्कालीन कलमात बसत नाही म्हणून सोडले. दोन्ही समाजांत वणवा पेटला, आणि १९२९ साली त्या प्रकाशकाचा खून झाला. या निकालानंतर १९२७ सालीच दंडसंहितेत २९५ अ हे कलम घातले गेले. धर्मभावना दुखावण्याचा हेतुपुरस्सर आणि द्वेषमूलक प्रयत्न एवढाच त्यात गुन्हा धरला आहे; १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविताना याच मर्यादेवर भर दिला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम २९९ म्हणून आले आहे. त्याचा वापर नेहमी या मर्यादेत राहतो असे म्हणता येणार नाही; पण त्याने विचारलेला प्रश्न कोलरिज यांच्या प्रश्नापेक्षा शहाणपणाचा आहे. तू हसलास का, असे ते विचारीत नाही. तू कोणाला आणि कशासाठी जखम केलीस, असे विचारते. लाहोरच्या पुस्तिकेत परक्याच्या पूज्य पुरुषाला हीन करण्याची इच्छा होती. 'भगवदज्जुका'त आपल्याच घरातील दांभिकाचे सोंग उतरविण्याची इच्छा आहे. दोहोंना 'धर्मावरील विनोद' हे एकच नाव देणे म्हणजे पुन्हा नामसाम्याची चूकच होय.

मृत्यूच्या दारातून परत येणाऱ्यांचा विषय आज इस्पितळांत शिरला आहे. अमेरिकेत रेमंड मूडी याच्या १९७५ सालच्या पुस्तकानंतर त्याची चर्चा सर्वत्र झाली. २००१ साली नेदरलंड्समधील १० इस्पितळांत हृदयक्रिया बंद पडून वाचलेल्या ३४४ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली; त्यांपैकी ६२ जणांनी असा अनुभव सांगितला. भारतातील १६ प्रकरणांचा अभ्यास सतवंत पसरिचा आणि इयन स्टीव्हन्सन यांनी १९८६ साली प्रसिद्ध केला. अमेरिकन मनुष्याला सामान्यतः आप्तेष्ट भेटतात, आणि अजून तुझी वेळ आली नाही असे कळते. आपल्या माणसांना दूत नेतात, वही उघडली जाते आणि गफलत सापडते! अनुभव खोटा आहे असे यावरून सिद्ध होत नाही. पण तो ज्या भाषेत उमटतो ती भाषा आपली आपणच घडविलेली असते, एवढे निश्चित. ज्याने तो अनुभव घेतला त्याचे हसे करणे हा क्रूरपणा होय. परंतु त्या अनुभवावर आपली गादी मांडून परलोकाचा दर सांगत बसणाऱ्याला लूशियनसारखा चेष्टेखोर भेटणे हे धर्माच्याच हिताचे.

मोरच्या चरित्राकडे पाहिले म्हणजे याची खात्री पटते. ज्याने लूशियनला लॅटिन केले, तोच पुढे आपल्या धर्मनिष्ठेपायी आठव्या हेन्रीच्या रोषास बळी पडून ६ जुलै १५३५ रोजी वधस्तंभाकडे गेला. चौथरा डगमगत होता. वर चढताना हात दे, उतरताना माझे मी पाहीन, असे त्याने अधिकाऱ्याला सांगितल्याचे त्याच्या जावयाने लिहून ठेविले आहे. मृत्यूच्या इतक्या जवळ उभा राहून हा मनुष्य हसला. आणि १९३५ साली त्याच्याच धर्मसंस्थेने त्याला संतपद दिले. श्रद्धा आणि विनोद यांचे हाडवैर असते तर हे दोन्ही एका माणसाच्या अंतकाळी एकत्र नांदले नसते. ज्या श्रद्धेला हसण्याचे भय वाटते तिने आपल्या दारावरची कचेरी एकदा तपासून पाहावी. बहुधा तिथला कोणी कारकून तिच्या नावावर भलत्यालाच नेत असतो.